नऊ मुंगसं, एक बेट आणि घाईत घेतलेला निर्णय

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातली वाक्यं फारशी बदललेली नाहीत, फक्त "म्हणजे", "काय म्हणतात ते" आणि मधे वाजलेला कुकर काढून टाकलाय.)

हेडफोन लावलेत ना? कोणी बसमध्ये असाल, कोणी भांडी घासत असाल, कोणी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर असाल. शेवटच्यांना खास नमस्कार.

आजची गोष्ट एका ब्रशपासून सुरू होते. रंगवायच्या ब्रशपासून.

माझी धाकटी बहीण चित्रकला शिकते. गेल्या दिवाळीत तिला वॉटरकलरचा चांगला ब्रश घ्यायला मी एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी प्लॅस्टिकच्या केसांचे ब्रश दाखवले. मी म्हटलं, "काका, जरा चांगला दाखवा." मग त्यांनी काउंटरखालून एक पाकीट काढलं. "हा ओरिजिनल केसाचा आहे. पाणी धरतो, टोक सुटत नाही." खरंच सुंदर ब्रश होता. मुळाशी तपकिरी, मधे सायीसारखा फिकट, टोकाला गडद. मी घेतला, बहीण खूश झाली.

दोन दिवसांनी तिनंच मला विचारलं, "दादा, हे केस कोणाचे आहेत माहितीये का?"

मला माहिती नव्हतं. शोधल्यावर कळलं, की हे मुंगसाचे केस असावेत. आणि तसे असतील, तर मी फक्त दिवाळीची भेट घेतली नव्हती, कायद्यानं गुन्हा ठरेल अशी वस्तू घेतली होती.

त्या रात्री मी मुंगसाबद्दल वाचायला बसलो आणि थेट जमैकाला पोचलो. तिथून हवाई, तिथून जपान. शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास निघाला. तोच आज तुम्हाला सांगतो.

शब्द आपला आहे, बरं का

आधी एक छोटी, पण छाती फुगवणारी गोष्ट. इंग्रजीतला "मंगूस" हा शब्द कुठून आला? शब्दकोश बघा. तिथं मराठीचं नाव दिसेल. आपला "मुंगूस" किंवा "मंगूस" युरोपियनांच्या तोंडी बसला आणि पुढं जगभर गेला. मराठीत तो दक्षिणेच्या द्राविडी भाषांमधून आला असावा असं अभ्यासक म्हणतात, कारण तेलुगूत त्याच्याशी जुळणारा शब्द आहे. सतराव्या शतकात मुंबई-सुरतेकडे राहिलेल्या आणि पार जुन्नरपर्यंत जाऊन आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं. त्या पुस्तकात हा शब्द आढळतो.

म्हणजे आज एखादा हवाईयन शेतकरी किंवा जमैकन कोंबडीवाला ज्या शब्दानं या प्राण्याला शिव्या घालतो, तो शब्द आपल्याकडून गेलाय. आणि शिव्या का घालतो, तेच आज बघायचंय.

मुंगूस म्हणजे नक्की कोण?

आपल्याला वाटतं मुंगूस हे उंदीर-घुशीच्या जातीचं काहीतरी असेल. तसं नाही. ते मांसाहारी गणातलं आहे, आणि त्यातही मांजर आणि तरस ज्या फांदीवर बसतात त्या फांदीवरचं. दिसतं मुंगूस, पण गोत मांजराचं.

भारतात मुंगसाच्या सहा जाती आहेत. आपल्याला शेतात, कॉलेजच्या आवारात, सोसायटीच्या मागच्या झुडपात दिसतं ते करडं मुंगूस. त्याचा रंग धड काळाही नाही, धड पांढराही नाही, कारण त्याच्या प्रत्येक केसावर फिकट आणि गडद अशी आलटून पालटून वलयं असतात. हे लक्षात ठेवा, पुढं ब्रशच्या वेळी कामाला येईल. दुसरं तांबूस मुंगूस. ते जंगलाच्या कडेनं राहतं आणि चालताना काळ्या टोकाची शेपटी वर वळवून धरते. सह्याद्रीच्या दाट जंगलात मानेवर काळा पट्टा असलेलं मोठं मुंगूस आहे. आशियातली ही सगळ्यात मोठी जात. आणखी दोन जाती म्हणजे दक्षिणेतलं तपकिरी मुंगूस आणि ईशान्येकडचं खेकडे खाणारं मुंगूस.

सहावं म्हणजे आजच्या गोष्टीचा नायक. किंवा खलनायक, तुम्हीच ठरवा. छोटं भारतीय मुंगूस. उत्तरेकडच्या मैदानांत, गंगेच्या खोऱ्यात राहणारं, अर्धा-पाऊण किलोचं एवढंसं जनावर. ब्रायन हॉजसन नावाच्या नेपाळमध्ये राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. मुंगसाला साप चावला तर काय होतं? माझी आजी सांगायची, मुंगूस लढाई झाल्यावर पळत जाऊन कुठलीशी वेल खातं आणि विष उतरतं. विज्ञानाचं उत्तर त्याहून भारी आहे. नागाच्या विषातलं एक मुख्य द्रव्य आपल्या स्नायूंवरच्या एका ठरावीक जागी जाऊन चिकटतं. कुलुपात चुकीची चावी अडकावी तसं. मग मेंदूचा निरोप स्नायूला मिळत नाही, श्वास थांबतो. मुंगसाच्या शरीरात त्या कुलुपाचा आकारच थोडा वेगळा आहे, त्यामुळे विषाची चावी बसतच नाही. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली हे रेणूंच्या पातळीवर दाखवून दिलं.

पण मुंगूस अमर नाही हं. विषं अनेक प्रकारची असतात आणि हे संरक्षण सगळ्यांवर चालत नाही. लढाईत खरा उपयोग होतो तो त्याच्या चपळाईचा आणि फुलवलेल्या दाट केसांचा. आणि मुख्य मुद्दा असा, की साप हे मुंगसाचं रोजचं जेवण नाहीच. उंदीर, किडे, सरडे, अंडी, बेडूक, खेकडे, पक्षी, पडलेली फळं, जे मिळेल ते ते खातं. हे "जे मिळेल ते" पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे.

१८७२, जमैका

सीन बदलतो. कॅरिबियन समुद्रातलं जमैका बेट. इंग्रजांचं राज्य, उसाचे मळे. १८३०च्या दशकात गुलामगिरी संपली, मग मळ्यांवर राबायला माणसं आणली गेली ती भारतातून, करारानं बांधून. १८४५ साली कलकत्त्याहून निघालेलं पहिलं जहाज जमैकाला लागलं. हे आधीच सांगतोय, कारण माणसांच्या मागोमाग त्याच बंदराकडून दुसरं कोणीतरी येणार आहे.

मळेवाल्यांची डोकेदुखी एकच होती. उंदीर. हे उंदीरही युरोपियन जहाजांतूनच आलेले. ऊस कुरतडायचे, नुकसान प्रचंड. मळेवाल्यांनी काय काय केलं बघा. उंदरांची पिल्लं खातील म्हणून मुंग्या आणून सोडल्या. बेडकांच्या जातीतले मोठाले भेक आणले. फेरेट आणले. काहीही चाललं नाही.

आमच्या भाषेत सांगायचं, तर प्रॉडक्शनवर एक बग आहे आणि लोक एकामागून एक पॅच टाकतायत. टेस्टिंग कोणीच करत नाहीये.

मग विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट नावाच्या मळेवाल्यानं भारतातून मुंगसं मागवली. फेब्रुवारी १८७२मध्ये नऊ मुंगसं पोचली. चार नर, पाच माद्या, त्यातली एक गाभण. त्यानं ती मळ्यात सोडली.

फक्त नऊ.

काही महिन्यांत उंदीर कमी झाल्याचं दिसू लागलं. शेजारच्या मळेवाल्यांनी मुंगसं मागायला सुरुवात केली. काही वर्षांत ती बेटभर पसरली. १८८२ साली एस्प्यूटनं लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या यशाचा लेखच छापला. आज कोणी लिंक्डइनवर "हाऊ वी सॉल्व्ड द रॅट प्रॉब्लेम" असं टाकेल ना, अगदी तसं.

आणि जगानं ते वाचलं. मुंगसं क्यूबा, पोर्तो रिको, हिस्पॅनिओला, बार्बाडोस अशी बेटामागून बेटं घेत गेली. १८८३ साली हवाईच्या ऊसवाल्यांनी थेट जमैकाहून ७२ मुंगसं नेली. त्याच सुमारास पॅसिफिकमधल्या फिजीतही ती पोचली. तिथंही ऊस, तिथंही भारतातून नेलेले मजूर.

मग गोष्ट फिरली

पहिलं, उंदीर संपले नाहीत. जमिनीवर बिळात राहणारे मोठे उंदीर कमी झाले खरे. पण काळा उंदीर झाडावर चढतो. तो वर जाऊन राहिला, तिथंच घरटी केली. शिवाय उंदीर बहुतेक रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा. एक डे शिफ्ट, एक नाइट शिफ्ट. पंचिंग मशीनवर सुद्धा भेट व्हायची नाही.

दुसरं, मुंगसाला उंदरांचा आग्रह नव्हताच. आधी सांगितलं ना, जे मिळेल ते. आणि या बेटांवर काय मिळत होतं? जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, साप, समुद्री कासवांची अंडी. या प्राण्यांनी लाखो वर्षांत असा शिकारी पाहिलाच नव्हता. घरट्याजवळ कोणी लालसर डोळ्यांचं, झपकन सरकणारं जनावर आलं तर पळायचं, हे त्यांच्या अंगात नव्हतं. आपल्याकडच्या टिटवीला किंवा तित्तिराला ते येतं, कारण त्यांच्या कित्येक पिढ्या मुंगसासोबत वाढल्या आहेत.

जमैकन पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी बिळात घरटं करायचा. एकोणिसाव्या शतकानंतर तो खात्रीनं कोणाला दिसलेला नाही. जमैकन इग्वाना, म्हणजे तिथला मोठा सरडा, १९४०च्या दशकानंतर नामशेष झाला असं सगळ्यांनी धरलं होतं. १९९० साली हेलशायर टेकड्यांमध्ये रानडुकरांची शिकार करणाऱ्या एका माणसाच्या कुत्र्यानं एक जिवंत इग्वाना पकडला आणि शास्त्रज्ञ अक्षरशः उडाले. तेव्हापासून तिथं काय चाललंय? अंड्यातून निघालेली पिल्लं किंग्स्टनच्या होप झूमध्ये नेतात, मुंगसाच्या तोंडात मावणार नाहीत इतकी मोठी करतात आणि मग जंगलात सोडतात. आणि अंडी घालायच्या जागेभोवती मुंगसांसाठी सापळे लावतात, वर्षानुवर्षं.

हवाईत नेने नावाचा हंसासारखा पक्षी आहे, त्या राज्याचा राज्यपक्षी. मुंगसं असलेल्या बेटांवर त्याची अंडी-पिल्लं वाचवायला धडपड करावी लागते. काउआई बेटावर मुंगसांनी कधी बस्तान बसवलं नाही, तिथं नेने छान वाढलाय. काउआईवर मुंगसं का नाहीत? तिथले लोक गोष्ट सांगतात, की मुंगसांची पेटी बंदरावर उतरवली जात होती, एकानं हमालाला कडाडून चावा घेतला, आणि त्यानं चिडून पेटीच समुद्रात ढकलली. खरं खोटं त्या हमालाला माहीत. पण एका बेटाचं नशीब एका चाव्यावर ठरलं असेल, तर कमाल आहे.

त्यात भर म्हणजे कॅरिबियनच्या काही बेटांवर, पोर्तो रिको आणि ग्रेनाडासारख्या, मुंगसं रेबीज पसरवतात. कोंबड्या पळवतात ते वेगळंच. आज जगातल्या शंभर सर्वांत वाईट आक्रमक परक्या जातींची जी प्रसिद्ध यादी आहे, त्यात छोटं भारतीय मुंगूस आहे.

आणि इकडं बघा काय चालू होतं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं १८९४च्या "जंगल बुक"मध्ये रिक्की-टिक्की-टावीची गोष्ट छापली. इंग्रज कुटुंबाला नागांपासून वाचवणारं शूर मुंगूस. म्हणजे एकाच काळात लंडनची पोरं मुंगसासाठी टाळ्या वाजवतायत आणि त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला मळेवाले आपण हे काय करून बसलो म्हणून डोकं धरून बसलेत.

दात मोठे झाले!

इथं थोडं थांबतो, कारण निसर्गाचा हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

भारतात छोटं मुंगूस एकटं राहत नाही. त्याच्याहून मोठं करडं मुंगूस असतं, तांबूस मुंगूस असतं. मोठ्यांनी मोठी शिकार घ्यायची, छोट्यानं छोटी. एकाच चाळीत नळाच्या वेळा वाटून घ्याव्यात तसं. छोटं मुंगूस छोटं राहिलं, त्याचे सुळेही छोटे राहिले, त्यामागं हे कारण असावं.

बेटांवर मोठं मुंगूस नाहीच. मग काय झालं? डॅनियल सिम्बरलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांमधल्या मुंगसाच्या कवट्या मोजल्या आणि २०००मध्ये निष्कर्ष छापले. बेटांवरच्या नरांचे सुळे मायदेशातल्या छोट्या मुंगसापेक्षा मोठे झाले होते, मोठ्या जातीच्या मापाकडे सरकले होते. आणि हे जेमतेम शंभर वर्षांत. आपल्याला उत्क्रांती म्हटलं की डायनोसॉर आठवतो. इथं ती पणजोबांच्या काळापासून आजपर्यंतच्या अवधीत झाली, तीही परदेशी गेलेल्या आपल्या गाववाल्यामध्ये.

जपानचा रोलबॅक

आता जपान. १९१० साली वातासे शोझाबुरो या नावाजलेल्या प्राणिशास्त्रज्ञानं गंगेच्या मुखाकडच्या भागातून मुंगसं आणून ओकिनावा बेटावर सोडली. इथं प्रश्न उंदरांसोबत हाबू नावाच्या विषारी सापाचाही होता. गंमत म्हणजे त्याच १९१० साली युरोपात, एड्रियाटिक समुद्रातल्या म्ल्येत बेटावरही सापांसाठीच मुंगसं सोडली गेली. म्हणजे जमैकाच्या तक्रारी तोवर जुन्या झाल्या होत्या, तरीही.

आणि १९७९मध्ये पुन्हा! ओकिनावाच्या उत्तरेच्या अमामी ओशिमा बेटावर सुमारे ३० मुंगसं सोडली, हाबूसाठी. पण हाबू रात्री हिंडतो आणि मुंगूस दिवसा. जमैकातली तीच चूक, शंभर वर्षांनी, जशीच्या तशी.

अमामीवर एक काळा ससा राहतो. आखूड कानांचा, जुन्या वंशाचा. अमामी आणि शेजारचं तोकुनोशिमा ही दोन बेटं सोडली तर जगात कुठंही नाही. त्या बेटावर मूळचा मांसाहारी सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे सशाला अशा शत्रूची सवयच नव्हती. २०००च्या आसपास मुंगसांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली आणि ससे आटत चालले.

मग जपाननं ठरवलं, ही चूक उलटवायची. २०००मध्ये सरकारी मोहीम सुरू झाली. २००५मध्ये "अमामी मंगूस बस्टर्स" नावाचं पूर्णवेळ पथक उभं राहिलं. नाव विनोदी, पण काम विनोदी नव्हतं. ७०० चौरस किलोमीटरचं डोंगराळ, घनदाट बेट. त्यात सुमारे ३० हजार सापळे, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वासावरून मुंगूस शोधणारे खास शिकवलेले कुत्रे. शेवटची काही मुंगसं शोधणं सगळ्यात अवघड. ज्यांनी डिबगिंग केलंय त्यांना कळेल, शंभरातले नव्याण्णव बग एका महिन्यात सापडतात आणि शेवटचा एक वर्षभर झोपू देत नाही.

शेवटचं मुंगूस एप्रिल २०१८मध्ये पकडलं गेलं. तरी कोणी पेढे वाटले नाहीत. सहा वर्षं नुसतं बघत राहिले. कॅमेरे तपासले, आकडेमोड केली. आणि ३ सप्टेंबर २०२४ला जपान सरकारनं जाहीर केलं, की अमामीवर आता मुंगूस नाही. एकूण ३२ हजारांहून जास्त मुंगसं मारली गेली. ससे परत वाढू लागलेत. त्याआधी २०२१मध्ये हे बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आलं.

सोडायला ३० मुंगसं आणि एक दिवस. काढायला २४ वर्षं.

मला यात आनंद आणि वाईट दोन्ही वाटलं, खरं सांगतो. ससा वाचला हे चांगलंच झालं. पण त्या ३२ हजार जिवांचा गुन्हा काय? त्यांच्या पणज्याला कोणीतरी पिंजऱ्यात घालून नेलं, आणि ते मुंगसासारखं वागले, एवढाच. तरीही मारलं नसतं तर ससा गेला असता, कायमचा. मुंगसाची जात गंगेकाठी सुखरूप आहे, सशाला दुसरं गाव नाही. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पण बरोबर निर्णयाचीही किंमत कोणीतरी भरतं, आणि ती भरणारा बहुतेक वेळा चूक करणारा नसतो.

पंचतंत्रातली बाई

हे वाचताना मला सारखी पंचतंत्रातली गोष्ट आठवत होती. ब्राह्मणाच्या घरी बाळ आणि मुंगूस एकत्र वाढतात. आई पाण्याला जाते, पाळण्याजवळ साप येतो, मुंगूस त्याला मारतं आणि रक्तानं माखलेल्या तोंडानं दारात आईची वाट बघतं. ती रक्त बघते, बाळाला मारलं असं समजते आणि पाण्याचा घडा त्याच्यावर टाकते. आत जाऊन बघते तर बाळ हसत असतं.

ही गोष्ट अरबीतून, फारसीतून फिरत युरोपात गेली. वेल्समध्ये तिच्यात मुंगसाच्या जागी गेलर्ट नावाचा कुत्रा आला, आणि त्याच्या नावाचं गावसुद्धा आहे. आपण लहानपणी तात्पर्य पाठ केलं, घाई करू नये.

एस्प्यूटनं वेगळं काय केलं? बाईनं घाईत मुंगसाला राक्षस ठरवलं, एस्प्यूटनं घाईत त्याला तारणहार ठरवलं. दोघांनीही मुंगूस म्हणजे काय हे बघितलं नाही.

आणि मी? मी घाईत ब्रश घेतला.

१९७२, भारत

आता आकड्यांची गंमत बघा. १८७२मध्ये मुंगसं जमैकात उतरली. बरोबर शंभर वर्षांनी, १९७२मध्ये, भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला. मुंगूस या कायद्याखाली संरक्षित आहे आणि २००२मध्ये ते संरक्षण आणखी कडक केलं गेलं. मुंगूस पकडणं, मारणं, पाळणं, त्याचे केस किंवा केसांच्या वस्तू विकणं, सगळं बेकायदेशीर. शिक्षा तुरुंगाची.

का लागलं हे? कारण ब्रश. मुंगसाचा केस ताठ असतो, टोकाला निमुळता होतो, रंग नीट धरून ठेवतो. चित्रकारांना तो आवडतो. पण एका मुंगसापासून उपयोगी केस निघतात जेमतेम काही ग्रॅम. एक किलो केसांसाठी साधारण ५० मुंगसं मारावी लागतात असा वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचा अंदाज आहे.

ऑक्टोबर २०१९मध्ये केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोनं "ऑपरेशन क्लीन आर्ट" नावानं एकाच वेळी अनेक राज्यांत छापे टाकले. उत्तर प्रदेश, राजस्थान, केरळ, कर्नाटक आणि आपला महाराष्ट्रसुद्धा. ५४ हजारांहून जास्त ब्रश आणि शंभर किलोहून जास्त कच्चे केस सापडले. करा गुणाकार. शंभर किलो गुणिले पन्नास. पाच हजार मुंगसं. तीही फक्त कच्च्या केसांमधली, ब्रश अजून मोजलेच नाहीत.

या साखळीत जाळं लावणाऱ्या गरीब माणसाला सगळ्यात कमी पैसे मिळतात आणि पकडला जातो बहुधा तोच. टोकाला उभा असतो तो ग्राहक, एसी दुकानात, "काका, जरा चांगला दाखवा" म्हणणारा. म्हणजे मी.

"पण मुंगसं तर भरपूर दिसतात की!" असं कोणी म्हणेल. खरं आहे, करडं मुंगूस आज नामशेष व्हायच्या मार्गावर नाही. पण भरपूर असलेली गोष्ट संपत नाही, हा आपला जुना भ्रम आहे. गिधाडंही भरपूर होती.

आजोबांचा बांध

माझे आजोबा कोल्हापूरकडचे, ऊसवाले. त्यांच्या बांधावर मुंगसं असायची. आम्ही पोरं दिसलं की ओरडायचो, तोंड दाखव म्हणून. ते खरंच थांबून, वळून बघायचं, आणि दिवस चांगला जाणार असं आम्ही ठरवून टाकायचो. मुंगूस दिसणं शुभ ना आपल्याकडं!

आता विचार करतो, तिथंही ऊस होता, उंदीर होते, मुंगूस होतं. जमैकातलं सगळं सामान हजर. मग आपल्याकडं उत्पात का नाही झाला? कारण इथं मुंगूस एकटं नव्हतं. त्याच्यावर नजर ठेवणारे कोल्हे होते, गरुड होते. त्याच्यापासून अंडी लपवायला शिकलेले पक्षी होते. उंदरांना खायला घुबडं होती, धामण होती. आणि या सगळ्यांना राहायला बांध होता, बांधावर झुडपं होती. तोच प्राणी, पण सिस्टिम वेगळी. कोड तेच, एन्व्हायर्नमेंट बदललं की आउटपुट बदलतं, हे आम्हाला पहिल्याच नोकरीत कळतं. मळेवाल्यांना ते शंभर वर्षांत कळलं नाही.

आजोबांचा तो बांध आता अर्धा फूट उरलाय. झुडपं गेली. गेल्या मे महिन्यात गेलो होतो, चार दिवसांत एकदाही मुंगूस दिसलं नाही. चार दिवसांवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. पण चुकल्यासारखं झालं.

तर काय करायचं?

तीनच गोष्टी सांगतो, मग सोडतो तुम्हाला.

एक, ब्रश घेताना केस नीट बघा. एकाच केसावर गडद, फिकट, परत गडद असे टप्पे असतील आणि दुकानदार "ओरिजिनल" म्हणत असेल, तर ठेवून द्या. आजचे सिंथेटिक ब्रश चांगले येतात. माझी बहीण आता तेच वापरते, आणि तिची चित्रं आधी जेवढी चांगली होती तेवढीच आहेत. ती हा भाग ऐकणार आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

दोन, कुठं मुंगूस पकडून विकताना किंवा खेळ करून दाखवताना दिसलं, तर वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात १९२६ ही हेल्पलाइन आहे. व्हिडिओ नंतर टाका, फोन आधी करा.

तीन, शेत असेल, फार्महाउस असेल, सोसायटीच्या मागं मोकळी जागा असेल, तर एक कोपरा अस्ताव्यस्त राहू द्या. झुडूप, दगडांचा ढीग, वाळलेला पाला. मुंगसाला तेवढंच लागतं. त्याला देव करायला नको आणि हिरोही नको. त्याच्या जागी राहू दिलं की झालं.

तो ब्रश मी काय केला, असं विचाराल. फेकला नाही. बहिणीच्या टेबलावर नुसता पडूनही ठेवला नाही. वनविभागाच्या कार्यालयात नेऊन दिला आणि कुठून घेतला तेही सांगितलं. जाताना धाकधूक होती, मलाच धरतील की काय. तिथल्या ताईंनी ब्रश हातात घेतला, केसांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत आणलात ते." बस, एवढंच.

चला, आजच्यापुरतं इथंच. तुमच्या गावाकडं मुंगसाबद्दल काय सांगतात, कुठल्या नावानं हाक मारतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवू.

काळजी घ्या, आणि मुंगूस दिसलं तर थांबून बघा. बहुतेक वेळा तेही थांबून बघतं. भेटू!